तिसऱ्या दिवशी चालणारा पेशंट आणि चाळिसाव्या दिवसाचा पेशंट

गेल्या महिन्यात ओपीडीत एका तरुणाने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. हॉस्पिटलचा चकचकीत कॉरिडॉर, वॉकर धरून उभा असलेला हसरा मुलगा, मागे जोशपूर्ण गाणं आणि खाली अक्षरं : "उंची वाढवण्याची शस्त्रक्रिया. तिसऱ्या दिवशी पेशंट चालू लागला!" तरुण म्हणाला, "डॉक्टर, बघा, तिसऱ्याच दिवशी चालतोय. तुम्हीच उगाच घाबरवताय."

व्हिडिओ खोटा नाही. तिसऱ्या दिवशी पेशंट वॉकर घेऊन उभा राहतो, चार पावलं टाकतो, माझेही पेशंट टाकतात. पण तुम्हाला एक साधी गोष्ट सांगतो, जी त्या व्हिडिओत कोणी सांगत नाही. तिसऱ्या दिवशी त्या मुलाचा पाय एक मिलिमीटरनेही वाढलेला नव्हता. वाढवायला अजून सुरुवातच व्हायची होती.

म्हणजे जो माणूस तुम्हाला "झालं बघा सगळं" म्हणून दाखवला जातो, त्याचं अजून काहीच झालेलं नसतं. त्याचं फक्त हाड कापलेलं असतं.

हा लेख अशा शस्त्रक्रियेच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल आहे आणि तो मी थोड्या रागाने लिहितोय. राग जाहिरात करणाऱ्यांवर आहे, तसाच आम्हा डॉक्टरांवरही आहे. त्यात मीही आलो.

आधी हे काम कसं चालतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं पटेल. पायाचं हाड, बहुतेक वेळा नडगीचं किंवा मांडीचं, एका ठिकाणी काळजीपूर्वक कापलं जातं. बाहेरून रिंगा आणि तारा लावतात किंवा हाडाच्या पोकळीत लांब होऊ शकणारा रॉड घालतात. मग ५ ते ७ दिवस काही म्हणजे काही करायचं नाही, कापलेल्या जागी हाड जुळायची तयारी सुरू होऊ द्यायची. त्यानंतर हाडाची दोन टोकं एकमेकांपासून दूर न्यायला सुरुवात होते. वेग किती? दिवसाला १ मिलिमीटर, तोही एका दमात नाही, चार वेळा पाव-पाव मिलिमीटर. रिंगेच्या आट्यांच्या सळीवर नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे १ मिलिमीटर, म्हणून दर वेळी पाव फेरा. पाना लागतो तो दहा नंबरचा, गॅरेजवाल्याकडे असतो तोच. पेशंट किंवा घरातलं माणूस तो स्वतः फिरवतं.

या संथ ताणामुळे मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. हे तत्त्व सायबेरियातल्या कुर्गान इथे गाव्रिल इलिझारोव्ह या सर्जनने १९५०च्या दशकात बसवलं. युद्धानंतरचा काळ, साधनांची वानवा आणि हाडं मोडून, सडून आलेले असंख्य लोक. १९६४ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये उंच उडीचं सुवर्ण जिंकलेला व्हॅलेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटारसायकल अपघातात पायाने अधू झाला. त्याचा पाय शेवटी इलिझारोव्हनीच सांभाळला. पश्चिमेकडच्या डॉक्टरांना ही पद्धत नीट कळायला मात्र १९८१ उजाडलं. त्या वर्षी इटलीत त्यांचं व्याख्यान झालं.

कुर्गानला पेशंट महिनोन्‌महिने हॉस्पिटलातच राहायचे. रिंगेसकट चालायचं, पायावर भार द्यायचा, सांधे हलवत राहायचे, हा उपचाराचाच भाग होता. इलिझारोव्ह यांचा आग्रह होता की पाय वापरात राहिला पाहिजे. आपण काय केलं? रिंगा आणल्या, नट आणले, पाना आणला. ती रोजची शिस्त तिथेच ठेवून आलो. इथे पेशंटला पाचव्या-सहाव्या दिवशी डिस्चार्ज मिळतो, हातात पाना आणि एक कागद मिळतो, आणि तो एसटीने गावी जातो.

आता "रिकव्हरी" हा शब्द घ्या. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं की पहिल्या दिवसापेक्षा तिसरा दिवस बरा, तिसऱ्यापेक्षा दहावा. आपल्या डोक्यात ऑपरेशननंतरचं चित्र हेच असतं, रोज थोडं बरं वाटत जाणार. लांबी वाढवण्याच्या शस्त्रक्रियेत हे चित्र उलटं आहे. कापल्याचं दुखणं आठवडाभरात ओसरतं आणि सातव्या दिवशी पेशंट खुशीत असतो. तिथून पुढे पाय दिवसेंदिवस जड होत जातो, कारण हाडाला ताण दिला की तोच ताण स्नायू, कंडरा, मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि कातडी या सगळ्यांना बसतो. हाड बिचारं ऐकतं. स्नायू कुरकुरतो. पहिला सेंटीमीटर तो सहन करतो. तिसऱ्या सेंटीमीटरला पोटरी तारेसारखी ताठ होते, टाच जमिनीवरून उचलली जाते, गुडघा सरळ होईनासा होतो. पेशंटला संध्याकाळनंतर जास्त दुखतं, रात्री झोप लागत नाही, भूक मंदावते, चिडचिड होते. काही जण रडतात. ऑपरेशनच्या वेळी हूं की चूं न केलेले धट्टेकट्टे गडी तिसाव्या-चाळिसाव्या दिवशी माझ्यासमोर रडले आहेत.

म्हणून मी म्हणतो की तिसऱ्या दिवसाचा पेशंट दाखवू नका, चाळिसाव्या दिवसाचा दाखवा.

आता माझी चूक सांगतो. बरीच वर्षं झाली. सांगली जिल्ह्यातल्या एका गावचा एकोणीस वर्षांचा मुलगा. लहानपणी झाडावरून पडून घोट्याजवळ हाड मोडलेलं, त्यात हाडाची वाढ जिथून होते तो भाग दुखावला आणि एक पाय ४ सेंटीमीटर आखूड राहिला. शस्त्रक्रियेची त्याला खरी गरज होती. ऑपरेशन छान झालं. डिस्चार्ज कार्डावर मी नेहमीसारखं लिहिलं : आराम करावा, पाय उंच ठेवावा, पिना रोज स्वच्छ कराव्यात, नट सांगितल्याप्रमाणे फिरवावेत, व्यायाम करावा. पंधरा दिवसांनी दाखवायला या.

"पाय उंच ठेवावा" हे वाक्य त्याच्या आईने वाचलं. तिने काय केलं असेल? गुडघ्याखाली उशी दिली. कुठलीही आई देईल. गुडघा थोडा वाकला की ताठ पोटरीला जरा सैल वाटतं, पोराला झोप लागते. ती उशी दिवसा-रात्री तिथेच राहिली. पंधरा दिवसांनी एक्स-रे काढला, त्यात हाड उत्तम दिसत होतं. मी खूश झालो, गुडघा मोजला नाही. पुढच्या खेपेला पावसामुळे ते आले नाहीत. ते आले तेव्हा लांबी ३ सेंटीमीटरपर्यंत पोचली होती, पण गुडघा सरळ होत नव्हता आणि टाच टेकत नव्हती. सरळ झोपवून मांडी दाबली तरी गुडघ्याखालून माझी मूठ आरपार जात होती.

वाढवणं तिथेच थांबवलं. मग तीन आठवडे हॉस्पिटलात ठेवून रोज दोन वेळा फिजिओथेरपी, रात्री पाय ताणून धरणारा पट्टा. गुडघा बराचसा आला, टाच आली नाही. पुढे टाचेमागची कंडरा सैल करायचं आणखी एक ऑपरेशन करावं लागलं. त्याला ४ हवे होते, ३ मिळाले, उरलेल्यासाठी चपलेला आतून जाडी दिली. आज तो चालतो, शेतात काम करतो. पण त्याच्या आईने त्या वेळी मला विचारलं होतं, "डॉक्टर, उशी द्यायची नाही हे तुम्ही सांगितलं का न्हाई?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला हाडाबद्दल सगळं सांगितलं होतं. उशीबद्दल मला सुचलंच नव्हतं, कारण ऑपरेशन झालं म्हणजे माझं काम झालं असंच मला शिकवलेलं होतं आणि मी ते मानलं होतं.

त्या दिवसापासून माझ्या डिस्चार्ज कार्डावर "आराम करावा" हे शब्द नाहीत.

नडगीचं हाड वाढवत असाल तर गुडघ्याखाली उशी द्यायची नाही. पाय उंच ठेवायचाच असेल तर आधार टाचेखाली किंवा घोट्याकडच्या रिंगेखाली द्या, गुडघा आपोआप खाली जाऊन सरळ होईल. दुखेल, पण तेच हवं आहे. पाऊल काटकोनात राहायला हवं. बहुतेक जण त्यासाठी तळव्याखाली पट्टी किंवा फळी बांधून देतात, ती झोपताना काढू नका. झोपेत पाऊल खाली लोंबतं आणि दिवसभर केलेला व्यायाम रात्रीत वाया जातो. मांडीचं हाड वाढवत असाल तर अडचण थोडी वेगळी. तिथे गुडघा वाकायचाच थांबतो आणि कंबरेकडे मांडी पुढे आखडते. तेव्हा गुडघा वाकवत राहणं आणि रोज थोडा वेळ पालथं झोपणं महत्त्वाचं. यातलं कुठलं तुम्हाला लागू आहे हे तुमच्या सर्जनकडून लिहून घ्या.

व्यायाम किती? कार्डावर "व्यायाम करावा" असं मोघम लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पेशंट "जमेल तसा" असा घेतो. माझ्या पेशंटना मी सांगतो की लांबी वाढत असेपर्यंत हीच तुमची नोकरी आहे. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी वीस ते तीस मिनिटं, शिवाय आठवड्यातून काही दिवस फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली. टाच ताणायची, प्रत्येक ताण अर्धा मिनिट धरायचा. झटके द्यायचे नाहीत. आणि चालायचं. रिंग असेल तर डॉक्टरांनी परवानगी दिल्याप्रमाणे पायावर भार देऊन चालायचं, भार पडला की नवं हाड चांगलं धरतं. आतला रॉड असेल तर मात्र ठराविक वजनापलीकडे भार द्यायचा नाही, नाहीतर रॉड वाकतो किंवा तुटतो. शेजारच्या पेशंटला सांगितलेलं तुम्ही करू नका.

पिनांबद्दल थोडक्यात. जिथे तार कातडीतून आत जाते ती जागा म्हणजे उघडं दार आहे. साबणाने हात धुवायचे, डॉक्टरांनी सांगितलेल्या द्रावणाने निर्जंतुक कापसाने पुसायचं, खपली साठू द्यायची नाही. थोडं पाण्यासारखं आलं तर घाबरू नका. लाली, ऊब, वाढतं दुखणं, पू आला तर त्याच दिवशी फोन करा. सुरुवातीलाच पकडलं तर बहुतेक वेळा गोळ्यांवर भागतं. हळद लावू नका. हळद दुधात घाला, पिनेवर नको. तेल नको, भस्म नको, आणि हाडवैद्याकडून चोळून घेणं तर अजिबात नको.

एक्स-रे बघून घाबरायची एक पद्धत पडली आहे. तीन आठवड्यांनी एक्स-रे काढला की मध्ये काळी फट दिसते आणि घरचे म्हणतात, "हाडच नाही, पाय पोकळ झाला." नवं हाड सुरुवातीला मऊ असतं, एक्स-रेत दिसत नाही. तीन-चार आठवड्यांनंतर धुक्यासारखं काहीतरी दिसू लागतं, मग रेघा, मग हाड. ते धुकंही वेळेत दिसलं नाही तर डॉक्टर वेग कमी करतात, दिवसाला पाऊण किंवा अर्धा मिलिमीटर. उलट फार हळू गेलं तर हाड मध्येच जुळून जातं आणि पुढे ताणताच येत नाही. म्हणून या काळात दर एक-दोन आठवड्यांनी तपासणी हवीच, आणि प्रत्येक तपासणीत सर्जनने एक्स-रेइतकाच वेळ गुडघा आणि घोटा मोजायला द्यायला हवा. मोजला नाही तर तुम्ही आठवण करा. त्या मुलाच्या वेळी कोणी मला आठवण केली असती तर मला राग आला असता, हेही कबूल करतो. तरी करा.

बिडी, सिगारेट, गुटखा, तंबाखू, आणि आपल्याकडच्या बायका दात घासायला वापरतात ती मिश्री, हे सगळं बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या हाडाला रक्तच हवं असतं. पाया सूप आवडत असेल तर प्या, पण त्याने हाड वाढतं हा गैरसमज आहे. अंडी, डाळी, दूध, शेंगदाणे, नाचणी यांनी पोट भरा, ड जीवनसत्त्व तपासून घ्या. मेडिकलमधून मनाने सूज उतरवायच्या गोळ्या आणू नका. त्यातल्या काही हाड तयार होण्याच्या आड येऊ शकतात, म्हणून अनेक सर्जन त्या टाळतात.

लांबी पूर्ण झाली की लोक पेढे वाटतात. त्यांना सांगावं लागतं की अजून अर्धा रस्ताही झाला नाही. नवं हाड कडक व्हायला ताणण्याच्या काळापेक्षा दुप्पट किंवा जास्त वेळ लागतो. ढोबळ हिशोब असा की मोठ्या माणसात एका सेंटीमीटरमागे रिंग एक ते दीड महिना राहते. म्हणजे ४ सेंटीमीटरला चार ते सहा महिने. आता जाहिरातीतल्या "तीन इंचां"चा हिशोब तुम्हीच करा. तीन इंच म्हणजे साडेसात सेंटीमीटरच्या थोडं वर. नुसतं ताणण्यातच ७६ दिवस, आणि हाड भरायला त्यापुढचे अनेक महिने. आणि नडगीत एका वेळी ५ सेंटीमीटरच्या पुढे गेलं की गुंतागुंतीचा धोका वेगाने वाढतो.

इथे मला नेहमी सांगितलं जातं की, "डॉक्टर, आता रिंगा कुठे राहिल्या? आत चुंबकावर चालणारा रॉड येतो, बाहेरून यंत्र लावलं की आपोआप वाढतो. नवं तंत्रज्ञान आहे." आहे, आणि चांगलं आहे. पिनांची कटकट नाही, कपडे नीट घालता येतात, जखमा कमी. पण त्या रॉडने ताण हाडालाच बसतो आणि स्नायूला बसत नाही, असं काही नाही. पोटरीला कळत नाही की आपल्याला ओढणारा नट रिंगेवर आहे की चुंबक हाडात. आणि "लगेच पूर्ण वजन देऊन चाला" हे वचन किती सांभाळून घ्यावं याचं उदाहरण ताजं आहे. पूर्ण भार घेता यावा म्हणून स्टीलचा मजबूत रॉड बाजारात आला होता, स्ट्राइड नावाचा. रॉडच्या जोडाजवळ गंज आणि आसपासच्या हाडात बदल दिसू लागले आणि २०२१ मध्ये कंपनीलाच तो परत घ्यावा लागला. जगातल्या चांगल्या हॉस्पिटलांत, चांगल्या सर्जनांच्या हातून तो बसवला गेला होता.

आता त्या व्हिडिओवाल्या तरुणाकडे येतो. त्याचे दोन्ही पाय ठणठणीत आहेत, एकही आखूड नाही. त्याची उंची १६३ सेंटीमीटर, आणि पोलीस भरतीत पुरुषांना १६५ लागते. दोन सेंटीमीटर. तो हुशार आहे, तीन वर्षं रोज पहाटे ग्राउंडवर पळतोय, घरची जमीन विकायची तयारी आहे. त्याचं दुःख खरं आहे आणि मी त्याची थट्टा करणार नाही. "उंचीत काय आहे" असं त्याला सांगणं सोपं, कारण मला कोणी उंचीवरून घरी पाठवलेलं नाही. लग्नाच्या जाहिरातीत, भरतीच्या रांगेत, कॉलेजच्या कट्ट्यावर बुटक्या मुलाला काय ऐकावं लागतं हे आपण सगळे जाणतो, आणि ऐकवणारेही आपणच असतो.

पण मी त्याला एवढंच विचारलं, भरतीत उंची मोजल्यावर पुढे काय असतं? तो म्हणाला, "१६०० मीटर." तेच. दोन धडधाकट पाय कापून, ताणून, भरून आल्यावर चांगलं चालायलाच कित्येक महिने जातात. जोरात पळायला वर्ष किंवा जास्त लागतं, आणि सगळं सुरळीत झालं तरी पूर्वीचा वेग परत येईलच याची खात्री मी देऊ शकत नाही. दोन सेंटीमीटरसाठी तो जे पणाला लावतोय ते त्याचं सगळ्यात मोठं भांडवल आहे, त्याचे पळणारे पाय. हे त्याला व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तिकडे फोन केला तर म्हणाले, तीन महिन्यांत नॉर्मल." तिकडे म्हणजे कुठे, ते मी लिहिणार नाही. फोनवर डॉक्टर नव्हता, काउन्सेलर होता.

आपल्या देशात १९५४ चा एक कायदा आहे, औषधं आणि जादूच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा. ज्या गोष्टींवर औषध असल्याची जाहिरात करायला बंदी आहे, त्यांच्या यादीत माणसाची उंचीही आहे. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी कोणाला तरी कळलं होतं की उंचीच्या नावाखाली माणसाला सहज लुबाडता येतं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरांनी जाहिरात करून पेशंट ओढायचे नाहीत. चीनने २००६ मध्ये निव्वळ उंचीसाठी होणाऱ्या या शस्त्रक्रियांवर बंदी घातली. आपल्याकडे पावडर विकणारा निदान पावडरच विकतो. ती खाऊन कोणाची टाच उचलली जात नाही.

कोणी म्हणेल, शरीर माझं, पैसा माझा, तुम्ही कोण? मान्य. सज्ञान माणसाने सगळं समजून हा निर्णय घेतला तर त्याला अडवणारा मी कोणी नाही, मी स्वतः निव्वळ उंचीसाठी हे ऑपरेशन करत नाही एवढंच. माझं भांडण "समजून" या शब्दाशी आहे. संमतीपत्रावर सही घेताना दहा मिनिटं मिळतात, त्यातली आठ ऑपरेशनवर जातात. पुढचे शंभर दिवस दोन मिनिटांत उरकतात. ज्याला खरंच गरज आहे त्याच्याशीही हेच होतं, पोलिओने पाय आखूड राहिलेल्या पन्नाशीतल्या बाईशी, अपघातात हाडाचा तुकडा गमावलेल्या ट्रक ड्रायव्हरशी, जन्मतःच मांडीचं हाड आखूड असलेल्या मुलीशी. आणि त्यांना परत फिरायला जागाही कमी असते.

म्हणून सही करायच्या आधी एक मागणी करा. सर्जनला सांगा, "तुमच्या चाळिसाव्या दिवसाच्या पेशंटला, त्याची हरकत नसेल तर, मला भेटायचंय." पूर्ण बरा झालेला नको, आणि तिसऱ्या दिवसाचा तर नकोच. त्याच्याशी अर्धा तास बोला. रात्री कसा झोपतोस, संडासला कसा जातोस, कामाला कोण जातं, चिडचिड कोणावर निघते, हे विचारा. त्याच्या बायकोशी किंवा आईशी वेगळं बोला, ती जास्त खरं सांगेल. पेशंट भेटवायला ठाम नकार मिळाला तर तुम्हीही सही करायला नकार द्या. ज्याने अशी दहा ऑपरेशनं केली आहेत त्याच्याकडे चाळिसाव्या दिवसातून गेलेला माणूस नसेल हे शक्य नाही.

आणखी थोडी तयारी घरी. ऑपरेशनआधीच दोन आठवडे टाच आणि गुडघा ताणायचे व्यायाम शिकून घ्या, नंतर दुखत असताना शिकता येत नाही. तालुक्यात फिजिओथेरपिस्ट आहे का, तो किती लांब आहे आणि तिथवर रिंग घेऊन कसं जाणार, हे आधी ठरवा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर पहिले काही महिने खाली कोणाकडे सोय होते का बघा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा. पँटच्या शिवणी एका बाजूने उसवून नाड्या लावून घ्या. हे बारीकसारीक वाटतं, पण तिसऱ्या आठवड्यात माणूस खचतो तो अशाच गोष्टींनी.

शेवटी धोक्याच्या खुणा. हा भाग घरातल्या सगळ्यांनी वाचावा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत गोळ्या घेऊनही दुखणं वाढतच चाललं असेल, पोटरी दगडासारखी घट्ट झाली असेल, कोणी बोटं हलवली तरी किंचाळायला होत असेल, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच हॉस्पिटलात जा. पोटरी किंवा मांडी अचानक सुजली, धाप लागली, छातीत दुखलं तरी तेच. ताप, पू, हलणारी पिन, अडकलेला किंवा नुसताच गरगरणारा नट, यांसाठी त्याच दिवशी फोन करा. आणि पाऊलभर मुंग्या येऊन बधिरपणा वाढत असेल, अंगठा वर उचलता येत नसेल, तर मज्जातंतूला ताण सोसवत नाहीये असं समजा. त्या वेळी हातातला पाना खाली ठेवा. पुढचा पाव फेरा फिरवायची वेळ झाली असली तरी फिरवू नका, आधी तुमच्या सर्जनला फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.